चेंबरचा नट

आप्पांनी मला खोली दिली ती माझ्या मोटारसायकलचं तेल बघून. त्या आठवड्यात मी बेळगावातल्या अनगोळात तीन घरं बघितली होती. तिन्ही ठिकाणी आधी गाव विचारलं, मग नोकरी, मग आडनाव. आणि आडनाव ऐकल्यावर खोली अचानक कुणा भाच्यासाठी ठेवलेली निघाली. मी निपाणीचा. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती, मी शिकलो, बेळगावात कॉलेजला कॉमर्स शिकवायला लागलो. पण भाड्याच्या खोलीचा विषय निघाला की माझी पदवी काही कामाला येत नाही, हे मला तोवर पाठ झालं होतं. चौथ्या घरी मी आडनाव ओठांवर तयार ठेवूनच गेलो. एकदाचं नको म्हणा आणि मोकळं करा, असा माझा पवित्रा होता.

दारात एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. तो सरळ फाटकाबाहेर लावलेल्या माझ्या गाडीपाशी जाऊन उकिडवा बसला. इंजिनावरचं तेलाचं झाकण फिरवून काढलं, त्याला जोडलेली पट्टी बोटावर पुसली, ते बोट अंगठ्यावर घासलं आणि नाकाशी नेलं.

"कवा बदललंस?"

"काय?"

"त्याल. इंजिनाचं."

"सर्व्हिसिंगला टाकतो की गाडी, तेव्हा ते बदलतातच."

"बदललं म्हनायला त्येंचं काय जातंय? तू बघत हुबा ऱ्हायलातास?" त्यांनी बोट माझ्यासमोर धरलं. "ह्ये त्याल न्हवं, काजळ हाय. वरची खोली मोकळी हाय, ऱ्हा. पन आयतवारी सकाळी खाली यायचं. शिकवतो."

आडनाव त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, पुढं चार वर्षांतही विचारलं नाही. सामान लावून झाल्यावर ते वर आले. मी भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली होती, तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले. आता आडनाव विचारणार, असं मला वाटलं. मग म्हणाले, "खिळा बारका मारलास. पडंल." खाली जाऊन त्यांनी बोटभर लांबीचा स्क्रू आणि ड्रिल आणलं, तसबीर उतरवली, भोक पाडलं, परत लावली आणि दोनदा ओढून बघितली. एवढ्यावर माझ्या मनातून तो माणूस पुन्हा कधी उतरला नाही. म्हणूनच पुढं मी जे केलं ते मला आजही गिळवत नाही.

भाडेकरूंना ते नावानं हाक मारत नसत. माझ्या आधीचा लोंढ्याचा होता, तो लोंढेकर. त्याच्या आधीचा अथणीकर. मी निपाणीकर. माझं टपाल आलं की "निपाणीकर, तुझ्या घरात ह्या नावाचं कोन हाय काय?" असं खालून विचारायचे. ही थट्टा आहे की खरंच नाव माहीत नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

ते मूळचे जांबोटीकडचे. अठराव्या वर्षी हुबळीच्या बाजूला बसच्या वर्कशॉपात चिकटले आणि तिथंच निवृत्त झाले. वर्कशॉप सगळं कानडी. त्यामुळं त्यांच्या जिभेची वाटणीच झाली होती. माणसांशी मराठी, इंजिनाशी कानडी. बॉनेट उघडलं की ते पुटपुटायला लागायचे, कधी लाडानं, कधी शिव्या देत. मला त्यातलं फारसं कळत नसे. माझं कानडी बाजारापुरतं: हे केवढ्याला, जास्त झालं, बस कधी. शिवाय ते बोलणं माझ्यासाठी नसायचंच.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे एक छोटी पांढरी कार, पंचवीस वर्षांची. महिन्यातून एकदा गावाकडं आणि आठवड्याला बाजारात, एवढीच ती हलायची. तेल मात्र दर तीन महिन्यांनी बदललंच पाहिजे. मी एकदा म्हणालो, "आप्पा, चाललीच कुठं गाडी?" तर म्हणाले, "तू सुट्टीत घरात बसतोस म्हनून तुझं वय थांबतंय व्हय?"

गॅरेजवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तेल घरीच, अंगणातच आणि रविवारीच बदलायचं. आधी गाडी रेल्वे फाटकापर्यंत फिरवून आणायची, कारण गरम झाल्याशिवाय तेल नीट उतरत नाही. मग पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवायची. चिंध्या मोजून घ्यायच्या आणि काम झाल्यावर मोजून परत ठेवायच्या. एक कमी भरली तर बॉनेट पुन्हा उघडायचं. इंजिनाच्या खाली तेल साठतं त्या भागाला मेकॅनिक लोक चेंबर म्हणतात. चेंबरच्या तळाला एक नट असतो. तो काढला की काळं तेल खाली येतं. ते झेलायला परात लागायची, आणि ती आक्कांची असायची.

आक्का म्हणजे आप्पांची बायको. बुटक्या, गोल, साखरेचं दुखणं असलेल्या, आणि तोंडानं आप्पांना पुरून उरणाऱ्या. "तीन पराती गेल्या माझ्या," त्या मला सांगायच्या, "एक तर लग्नातली. आता भाकरी थापाय मी काय बॉनेट घेऊ?" काळं तेल आप्पा बाटल्यांत भरून गावाकडं न्यायचे. तिथं लोक गोठ्याच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते फासतात. आक्का म्हणायच्या, "माझ्या माहेरच्या लोकास्नी बी ह्यो मानूस घाण त्याल वाटत फिरतोय, आनि ती मानसं घ्यायला हुबी असत्यात."

माझं शिक्षण पहिल्याच रविवारी सुरू झालं. मी माझ्या मोटारसायकलचं जुनं तेल काढलं, हात पुसले, नरसाळं लावलं आणि नव्या तेलाचा डबा ओतायला लागलो. बराच वेळ ओतत होतो. आप्पा पायरीवर बसून बघत होते. डबा रिकामा झाल्यावर मी खाली बघितलं, तर मधासारखं स्वच्छ तेल तुळशीच्या कट्ट्यापर्यंत गेलेलं. खालचा नट मी लावलाच नव्हता.

"आप्पा, सांगायचं न्हाई का!"

"बघत हुतो, कुठवर वततोस." ते उठून वाळू आणायला गेले. "सांगितलं असतं तर उद्या इसरला असतास."

दुसऱ्या खेपेला गरम तेल मनगटावर घेतलं. तो डाग अजून आहे. तिसऱ्या खेपेला, नट सैल राहू नये म्हणून मी पान्यावर सगळा जीव टाकला आणि आटेच मारले. चेंबर बदलावं लागलं. त्या दिवशी मात्र आप्पा खरोखर दुखावले. म्हणाले, "आवळायचं म्हंजे मुंडी मुरगाळायची न्हवं रं. नट सांगतोय की बास म्हनून. तुला ऐकूच येईना." मला लाज वाटली, आणि पान्याची भीती बसली ती बसलीच. तेव्हापासून नियम झाला. नट मी लावायचा, पण शेवटचा हात त्यांचा. ते गुडघे धरत खाली वाकायचे, स्वतःच्या पान्यानं एकदा तपासायचे आणि आक्कांच्या पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन नटावर ठिपका द्यायचे. ठिपका दिला म्हणजे तो नट आप्पांचा.

त्यांचा हा स्वभाव अंगणापुरता असता तर बरं झालं असतं. कुणीही घरी आलं की आक्का चहा ठेवायच्या आणि आप्पा बाहेर जाऊन पाहुण्याच्या गाडीचं तेल बघायचे. शेजारच्यांच्या मुलीला बघायला एकदा संकेश्वरहून माणसं आली होती. ऊसवाली, मोठ्या गाडीतून. पोहे चालले असताना आप्पांनी त्यांच्या ड्रायव्हरकडून बॉनेट उघडून घेतलं, पट्टी काढली आणि तशीच हातात धरून शेजाऱ्यांच्या बैठकीत आले. सगळ्यांसमोर मुलीच्या बापाला म्हणाले, "मानसं चांगली असतील. पन एवढी मोठी गाडी आनि पट्टीला त्याल लागंना. ज्ये दिसत न्हाय त्ये ही मानसं बघत न्हाईत." पाहुणे उठून गेले. शेजारी दोन वर्षं बोलत नव्हते. मुलीचं पुढं दुसरीकडं झालं. ते बरं झालं की वाईट, कुणी विचारत बसलं नाही.

त्यांचा एकच मुलगा पुण्याला होता. चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण अशा गोष्टींत मुलाला वाईट करणं फार सोपं असतं. दर दिवाळीला यायचा आणि तेच सांगायचा, "दोघंच किती दिवस राहणार इथं? आईची शुगर, तुमचे गुडघे. चला की." आप्पांचंही उत्तर तेच असायचं. "ज्या दिवशी माझ्या हातचा नट सैल ऱ्हाईल, त्या दिवशी सांग. बॅग भरतो." तो हसायचा. आक्का हसत नसत. त्यांना पुण्याला जायचंच नव्हतं. बहीण जांबोटीच्या पलीकडं, अंगणात त्यांची अबोली, गल्लीत बोलायला बायका. एका दिवाळीला मी फराळाला खाली होतो तेव्हा त्या म्हणाल्याच, "माझं घर तुमच्या नटाला टांगू नका म्हंजे झालं." आप्पा म्हणाले, "अडतीस वरसात एक गाडी परत आली न्हाय माझ्या हातची. तू घाबरू नको."

आता त्या रविवाराबद्दल. तेल बदलायचा दिवस होता, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं आणि दोघं गाडीनं जाणार होते. मला दोन वाजता मित्राच्या खोलीवर मॅच बघायला जायचं होतं. काम सुरू व्हायलाच साडेबारा झाले. आप्पांचे गुडघे त्या आठवड्यात फार धरले होते. ते बॉनेटपाशी स्टुलावर बसले होते आणि मी गाडीखाली होतो. जुनं तेल पूर्ण थेंब थेंब होईपर्यंत त्यांनी मला अर्धा तास तसंच पडून ठेवलं. मी मनातल्या मनात चिडलो होतो. मग नवा वायसर घातला, नट हातानं फिरवत बसवला. पाना घेणार, एवढ्यात आतून आक्कांनी हाक मारली. त्यांना घेरी येत होती आणि गोळ्यांची पिशवी सापडत नव्हती.

आप्पा गडबडले. स्टुलावरून उठता उठता त्यांनी वाकून मला सांगितलं, "बिगी कर रं! बिगी!"

आमच्याकडं बिगीबिगी म्हणजे लवकर लवकर. लहानपणी शाळेला उशीर झाला की आई हेच म्हणायची. मी म्हटलं, लवकर कर म्हणतायत तर करू. नट हातानं फिरत नाही इथवर घट्ट बसला होता. शेवटचा हात तर त्यांचाच असतो. मी "झालं" म्हणून ओरडलो आणि सरकत बाहेर आलो. ते आत गेले होते. मी पाच मिनिटं थांबलो, मग वरून नवं तेल ओतलं, चिंध्या मोजल्या, बॉनेट लावलं आणि मॅचला गेलो. पाना होता तिथंच गाडीखाली राहिला असणार. तो कुणी उचलला हेही मला माहीत नाही.

सोमवारी ती दोघं सहालाच निघाली. आठला कॉलेजला जाताना मी बघितलं, गाडीच्या जागेवर रुपयाएवढे दोन थेंब होते. कालचे असतील असं म्हणून मी ओलांडून गेलो.

जांबोटीच्या पुढं रानात रस्ता खराब आहे. तिथं कुठंतरी हादऱ्यांनी नट गळून पडला. समोरचा तेलाचा लाल दिवा लागल्याबरोबर आप्पांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली, पण तोवर इंजिन जाम झालं होतं. फोनला रेंज नाही. एक बस सकाळची गेली होती, दुसरी संध्याकाळची. आक्कांनी साखरेची सकाळची गोळी घेतली होती आणि बारशाला जेवायचं म्हणून खाल्लं काही नव्हतं. दोघं तीन तास रस्त्याच्या कडेला बसली. मग आक्का बसल्या जागी कलंडल्या. पिंजार, म्हणजे भाताचा पेंढा, घेऊन जाणारा एक टेम्पो आला, त्यातून आप्पांनी त्यांना जांबोटीला आणलं आणि तिथून बेळगावला.

दुपारी कळल्यावर मी दवाखान्यात गेलो. आक्का शुद्धीवर होत्या, सलाईन चालू होतं. आप्पा बाहेर बाकड्यावर बसले होते. सदऱ्यावर पिंजाराच्या काड्या तशाच. नट गळाल्याचं त्यांनी गाडीखाली वाकून बघितलं होतं. चुन्याचा ठिपका होता की नव्हता, हे बघायला नटच जागेवर नव्हता.

"निपाणीकर," ते म्हणाले, "तू आवळलातास न्हवं नट?"

"व्हय आप्पा. पान्यानं."

पान्याबद्दल त्यांनी विचारलंही नव्हतं. तो शब्द मी माझ्या मनानं जोडला. ते ऐकून त्यांनी मान हलवली. माझ्यावर संशय घेतल्याबद्दल त्यांना उलट वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मग मीच. तपासाय वाकलो असनार आनि उलटा फिरवला असनार. तपासल्याबिगर कवा सोडतो व्हय म्या?" सदऱ्यावरची एक काडी काढत म्हणाले, "पन आठवंना बघ. काय केल्या आठवंना."

जे झालंच नव्हतं ते आठवणार कुठून? आक्कांच्या हाकेमुळं त्या दिवशी त्यांचं तपासायचं राहून गेलं होतं, एवढंच. पण एकदा मी पान्यानं म्हटल्यावर त्यांना दुसरी वाटच उरली नाही. आपण नट सैल केला, आणि केला हे आपल्याला आठवतही नाही, म्हणजे आपलं डोकं गेलं, असा हिशोब त्यांनी बाकड्यावर बसल्या बसल्या मांडला. मी शेजारी होतो. तोंड उघडून एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. मी चहा आणतो म्हणून उठलो.

मुलगा त्याच रात्री पुण्याहून आला. तो रागावला नाही. आप्पाच त्याला म्हणाले, "सैल ऱ्हायला बघ नट. बॅग भराय लाव आईला." तो रडला, हे मी बघितलं. आक्का मात्र घरी आल्यावर भांडल्या. मला वर सगळं ऐकू येत होतं. "एक नट पडला म्हनून कुनी घर मोडतंय व्हय? मला न्हाई काय झालं. मी जिती हाय की!" आप्पा एकच सांगत होते, "उद्या ग्यास चालू ऱ्हाईल माझ्या हातनं. परवा तुला गोळी दोनदा दीन. आता माझं डोस्कं भरवशाचं ऱ्हायलं न्हाय."

त्या घरातले शेवटचे दोन महिने मला आठवू नयेत असं वाटतं. जो माणूस एकदा हात लावला की संपलं म्हणायचा, तो फाटकाची कडी पाच वेळा बघायला लागला. अर्ध्या वाटेतून परत यायचा. "निपाणीकर, म्या कुलूप लावलं न्हवं? तू बघितलंस न्हवं?" मी वरून सांगायचो, लावलं आप्पा. तरी ते येऊन ओढून बघायचे. माझ्या मोटारसायकलला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. कार भंगारवाल्यानं ओढून नेली तेव्हा ते आत बसून होते. हत्यारं त्यांनी कॅम्पातल्या एका मेकॅनिकला देऊन टाकली. मला देऊ केली होती. मी नको म्हणालो, तर म्हणाले, "बरं केलंस. माझ्या हातचं कायबी घेऊ नको आता."

घर विकलं गेलं, मी दुसरीकडं खोली घेतली. माझं मला समजावून सांगणं तयार होतं. तेच म्हणाले ना बिगी कर म्हणून? घाई त्यांनीच केली. त्यांनी घाई केली नसती तर मी पाना लावला असता. या एका शब्दावर मी दोन वर्षं काढली. मध्ये एकदा मुलाचा फोन आला. आक्का गेल्या. पुण्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. किडन्या गेल्या होत्या, म्हणाला, ते कुठंही झालंच असतं. मी कॉलेजच्या परीक्षा आहेत असं सांगितलं आणि गेलो नाही.

मग यंदा उन्हाळ्यात निपाणीला जाताना संकेश्वरजवळ माझ्या मोटारसायकलचं मागचं चाक पंक्चर झालं. हायवेच्या कडेला टायरवाला होता. त्याचा माणूस चाक बसवत होता आणि मालक खुर्चीवरून बघत होता. चाक बसलं तसा मालक ओरडला, "ए, बिगी माडो! बिगी!"

त्या माणसानं काही घाई केली नाही. त्यानं सावकाश लांब पाना उचलला, नटाला लावला आणि अंगाचा भार टाकून आवळला.

मी मालकाला विचारलं, "बिगी म्हणजे काय हो?"

"कानडीत बिगी म्हंजे टाइट, सर. आवळ म्हनलो."

"आणि लवकर कर म्हणायचं असलं तर?"

"त्येला लगू म्हनतेत."

मी तिथंच टायरच्या ढिगावर बसलो. मालकाला वाटलं मला ऊन लागलं. त्यानं पाणी दिलं. आप्पांनी मला घाई केलीच नव्हती. आक्कांच्या हाकेनं ते घाबरले आणि घाबरल्यावर त्यांच्या तोंडून वर्कशॉपची भाषा आली. जाता जाता त्यांनी मला एकच काम सांगितलं होतं आणि ते बरोबर सांगितलं होतं. नीट आवळ. मला मॅचची घाई होती म्हणून मला घाईचाच शब्द ऐकू आला.

पुढच्या शनिवारी मी पुण्याला गेलो. सातव्या मजल्यावर त्यांची खोली होती. आप्पा खूप वाळले होते. भिंतीवर कागद चिकटवले होते, त्यांच्याच अक्षरात. नळ बघ. पंखा बघ. ग्यासला हात लावू नको. सून दारातच हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरांना दोनदा दाखवलं. वयाच्या मानानं सगळं ठीक आहे म्हणतात. पण यांचा विश्वासच बसत नाही." मला त्यांनी लगेच ओळखलं. "निपाणीकर आला!" म्हणाले. माझ्या आईची चौकशी केली, गल्लीतल्या एकेकाची नावं घेऊन विचारलं. एकही नाव चुकलं नाही.

मी चहाची वाट बघितली नाही. थांबलो असतो तर पुन्हा पळालो असतो.

"आप्पा, तो नट तुम्ही सैल केला नव्हता. मी पाना लावलाच नव्हता. हातानं फिरवून सोडला होता."

"तू पान्यानं म्हनलातास."

"खोटं बोललो. आणि तुम्ही तपासला पण नव्हता. आक्कांनी हाक मारली म्हणून तुम्ही आत गेलात. तपासलंच नाही म्हणून तुम्हाला आठवत नाही. तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही आप्पा. तेव्हाही नव्हतं."

मग मी बिगीचंही सांगितलं. संकेश्वरचा टायरवाला, लगू, सगळं. सांगताना मला स्वतःचीच किळस आली. ते मला शिव्या देतील म्हणून मी तयार होतो. हात उगारला असता तरी चाललं असतं. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात मला असंही वाटत होतं की त्यांच्यावरचं ओझं उतरेल, ते उठून ते कागद फाडून टाकतील, आणि त्याचं थोडं पुण्य मलाही मिळेल.

पलंगावर दोन उशा होत्या. त्यातल्या भिंतीकडच्या, आक्कांच्या उशीवर आप्पांनी हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

"ती येत न्हवती," ते म्हणाले. "लई रडली. घर सोडताना दाराला धरून हुबी ऱ्हायलीती. म्या म्हनलो तिला, माझं डोस्कं गेलंय, मला तुला सांभाळाय जमायचं न्हाय. त्यावर ती गप बसली. हितं आल्यावर रोज इचारायची, परत कवा जायाचं म्हनून."

खालून कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत होता. आप्पा माझ्याकडं वळले.

"माझं डोस्कं धड हुतं म्हनतोस?"

"व्हय आप्पा."

"मग तिला हितं कशापायी आनली रं म्या?"

सून चहा घेऊन आली. तिनं कप पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. ते माझ्याकडं बघत होते. त्यांना उत्तर पाहिजे होतं.